न दिलेल्या गोळीचे सत्तर तास

संधिवातावर वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणारी शहात्तर वर्षांची बाई, पुण्याबाहेरचं एक केअर सेंटर आणि संपलेली एक स्ट्रिप. खालचा घटनाक्रम कुणा एकीचा नाही. त्यातली माणसं आणि घड्याळातल्या वेळा जुळवलेल्या आहेत. शरीरात जे घडतं ते मात्र वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातलं आहे. फोनवर जे बोललं जातं, ते ज्यांचं कुणी अशा ठिकाणी राहतं त्यांच्या कानांवरून कधी ना कधी गेलेलं असेल.

शुक्रवार, सकाळी ८.०० : उरले ७० तास

औषधांची ट्रॉली सात नंबरच्या खोलीपाशी थांबते. आजींना नाश्त्यानंतर पाच गोळ्या असतात. डब्यातून चार निघतात. पाचवी, प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम, काल सकाळी संपली. सिस्टर रिकामी स्ट्रिप उलटीपालटी करून बघते, चार्टवरच्या त्या रकान्यात आडवी रेघ ओढते आणि ठाण्याला राहणाऱ्या मुलीला मेसेज टाकते : "ताई, आजींच्या कॅल्शियमच्या आणि सांध्यांच्या गोळ्या संपल्यात. पाठवून द्या."

मेसेजमध्ये खोटं काही नाही. पण तो साठ्याबद्दल आहे, डोसबद्दल नाही. साठा संपल्याचं घरच्यांना कळवायचं असतं, डोस चुकल्याचं डॉक्टरांना. इथे पहिलं झालं आणि त्यातच दुसरं झाल्यासारखं वाटलं. शिवाय दोन गोळ्या एकाच ओळीत आल्या. कॅल्शियम आठवडाभर उशिरा आलं तरी आजींचं काही बिघडणार नाही. दुसरीचं तसं नाही.

ती गोळी सांध्यांसाठीच सुरू झाली होती. संधिवाताशी स्टिरॉइडचं नातं १९४८ पासूनचं. त्या वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिलं आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. त्या औषधाची दुसरी बाजू १९५२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कॉर्टिसोनवर असलेला संधिवाताचा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर शॉकमध्ये गेला आणि वारला. त्याच्या मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसून गेल्या होत्या. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवतात. औषध एकाएकी बंद झालं तरी त्या लगेच कामाला लागत नाहीत. पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात, कधी वर्षही.

आजी ही गोळी सहा वर्षं घेताहेत. सांध्यांची म्हणून आलेली गोळी आता त्यांचा रक्तदाब, रक्तातली साखर आणि आजाराशी झुंजायची ताकद सांभाळते आहे. सेंटरमध्ये मात्र तिचं नाव अजून 'सांध्यांची गोळी' असंच आहे. सांध्यांची गोळी चुकली तर फार तर सांधे दुखतील, असं कुणालाही वाटेल.

शुक्रवार, दुपारी २.०० : उरले ६४ तास

ड्युटी बदलते. सकाळची सिस्टर बस गाठायच्या घाईत हॅंडओव्हर देते : "तीन नंबरच्या आजोबांचं ड्रेसिंग झालंय, पाच नंबरची शुगर दोनशे दहा, सात नंबर ठीक, जेवल्या."

सात नंबर खरोखरच ठीक आहे. गुरुवारच्या गोळीचा असर अजून पुरता ओसरलेला नाही. हॅंडओव्हरमध्ये घडलेल्या गोष्टी सांगतात : ताप आला, पडले, ड्रेसिंग केलं, लॅबवाला येऊन गेला. न घडलेली गोष्ट सांगायची सवय कुणाला नसते. न दिलेली गोळी दिसत नाही, वाजत नाही, बिछाना ओला करत नाही.

हा एकट्या आपल्याकडचा ढिसाळपणा नव्हे. इंग्लंडमधल्या ५५ केअर होम्समध्ये राहणाऱ्या २५६ जणांच्या औषधांची संशोधकांनी तपासणी केली. २००९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाहणीच्या दिवशी १७८ जणांच्या बाबतीत किमान एक चूक सापडली. कुठे चिठ्ठी चुकलेली, कुठे औषध चुकीचं दिलेलं, कुठे दिलेलंच नाही. एकेका माणसाला सरासरी आठ औषधं होती. कारणं शोधताना संशोधकांना आढळलं ते असं : राहणाऱ्यांना नीट न ओळखणारे डॉक्टर, कामाच्या ओझ्याखालचे कर्मचारी आणि होम, दवाखाना, केमिस्ट यांच्यात तुटक बोलणं.

शुक्रवार, रात्री ८.०० : उरले ५८ तास

ऑफिसातून परतताना मुलगी लोकलमध्ये औषधांची ऑर्डर टाकते. कॅल्शियम लगेच मंजूर होतं. प्रेडनिसोलोनसाठी ॲप चिठ्ठी मागतं. मोबाइलमध्ये आहे ती आठ महिन्यांपूर्वीची, त्यामुळे ऑर्डर 'पडताळणी सुरू' वर अडकते. सांध्यांच्या डॉक्टरांची ओपीडी आता मंगळवारी. त्यांचा नंबर तिच्याकडे आहे. पण एवढ्याशा गोळीसाठी शुक्रवारी रात्री डॉक्टरांना त्रास कशाला द्यायचा, असं म्हणून ती मोबाइल पर्समध्ये टाकते.

ही भीड आपल्या हाडीमाशी आहे. डॉक्टरांना फोन करायचा तर कारण मोठं हवं : पडणं, रक्त, बेशुद्धी. गोळी संपली हे कारण फोन करण्याजोगं वाटतच नाही. खरं तर सगळ्यात स्वस्तात सुटणारा प्रश्न हाच होता. मोबाइलवर आलेल्या नव्या चिठ्ठीवर सेंटरच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टने काही रुपयांत पूर्ण स्ट्रिप दिली असती.

शनिवार, सकाळी ८.०० : उरले ४६ तास

दुसरा डोस चुकतो. आज ट्रॉलीवर वेगळी सिस्टर आहे. ती चार्ट बघते. कालच्या रकान्यात रेघ. तीही रेघ ओढते.

त्या रेघेचा अर्थ काय? साठा नाही? आजींनी नको म्हटलं? डॉक्टरांनी बंद केली? की दिली आणि सही राहिली? रेघेला यातला कोणताही अर्थ चालतो. म्हणूनच जिथे औषधांचे चार्ट काटेकोर असतात तिथे न दिलेल्या डोससाठी ठरलेली अक्षरं असतात : नकार दिला याचं एक, उपलब्ध नाही याचं दुसरं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवलं याचं तिसरं. पाठीमागच्या पानावर कारण आणि कुणाला कळवलं ते लिहावं लागतं. आपल्या रेघेपुढे कारण नाही, नाव नाही. एक रेघ दिसली तर कुणी विचारेलही. लागोपाठ दोन दिसल्या की तो नियम वाटायला लागतो.

आजी आज नाश्त्याला अर्धी इडली खाऊन ताटली बाजूला सारतात. "सगळं अंग मोडून आल्यासारखं झालंय गं," म्हणतात.

शनिवार, दुपारी ४.०० : उरले ३८ तास

व्हिजिटिंग डॉक्टर येतात. आठवड्यातून दोनदा येतात, सगळ्यांना बघतात, माणूस चांगला आहे. आजींच्या खाटेशी उभे राहून मोठ्याने विचारतात, "काय आजी, काय म्हणताय?"

सिस्टर सांगते, "सर, अंग दुखतंय म्हणतात. जेवण कमी झालंय."

"बी.पी.?"

"एकशे अठरा, सत्तर."

"छान. पॅरासिटॅमॉल द्या, दिवसातून दोनदा. सोमवारी रक्त पाठवू."

या प्रसंगात कुणी हयगय केलेली नाही. विचारलं त्याचं उत्तर मिळालं, सांगितलं त्यावर उपाय झाला. पण चार्ट ऑफिसात होता आणि रेघा चार्टवर होत्या. डॉक्टरांपर्यंत दुखणं पोचलं, त्यामागची गैरहजर गोळी पोचली नाही. स्टिरॉइड अचानक थांबल्यावर अंग दुखतं, गळून जायला होतं, भूक मरते. संधिवात उसळला तरी असंच होतं, साध्या तापाच्या आधीही असंच होतं. "दोन दिवस प्रेडनिसोलोन मिळालेलं नाही" एवढं वाक्य सोबत असतं, तर शिकाऊ डॉक्टरनेही यातलं योग्य कारण ओळखलं असतं.

११८/७० हा आकडाही त्याच वाटेने हातून निसटला. तो कुणाच्याही पुस्तकात उत्तमच आहे. आजींचा नेहमीचा आकडा मात्र १४० च्या आसपास असतो, तोही गोळ्या घेऊन. आकडा नॉर्मल आहे का, हे विचारलं गेलं. आजींसाठी नॉर्मल आहे का, हे राहिलं.

शनिवार, रात्री १०.०० : उरले ३२ तास

आजींना थंडी वाजून ताप येतो, १००.४. लघवीला जळजळतंय असं त्या मावशींना सांगतात. अर्ध्या तासात दोन उलट्या. रात्रीला मजल्यावर एक मावशी आणि खाली एक ब्रदर. ब्रदर आरएमओंना फोन लावतो.

"सर, सात नंबरच्या आजींना उलट्या झाल्या. ताप शंभर आहे."

"जुलाब?"

"नाही सर."

"उलटीची गोळी द्या, ओआरएस पाजा. सकाळी कळवा."

घटनाक्रमातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा. निरोगी माणसाला ताप आला की त्याच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोलचं उत्पादन कितीतरी पटींनी वाढवतात. आजारपणात रक्तदाब टिकतो तो त्यामुळे. आजींच्या ग्रंथींना ते जमत नाही. म्हणून दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांसाठी आजारपणाचे वेगळे नियम असतात. ताप आला तर डोस चुकवायचा तर नाहीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवावाही लागतो. उलट्या होत असतील, गोळी पोटात राहत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घ्यायचं आणि त्यासाठी सकाळची वाट पाहायची नाही. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांनी जवळ बाळगायचं 'स्टिरॉइड इमर्जन्सी कार्ड' २०२० पासून देतात, ते याचसाठी.

आरएमओंनी ऐकलं ते एक वृद्धा, उलट्या, थोडा ताप. असे फोन महिन्यात कितीतरी येतात.

अशा फोनसाठी एक साचा आहे. तो अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर रुजला आणि कायझर परमनेंटे या आरोग्यसंस्थेने तो रुग्णालयांत आणला. त्यात चार पायऱ्या आहेत : आत्ता काय होतंय, या माणसाचा पूर्वेतिहास काय, मला काय वाटतंय, तुमच्याकडून काय हवंय. ब्रदरच्या फोनमध्ये पहिली पायरी होती. स्टिरॉइड दुसऱ्या पायरीवर सांगितलं गेलं असतं. चौथी पायरी तर आपल्याकडे उद्धटपणात जमा होते. "सर, मला वाटतं यांना रुग्णालयात न्यावं," असं म्हणणाऱ्या ब्रदरला "डॉक्टर तू की मी?" ऐकावं लागण्याची धास्ती असते.

रविवार, सकाळी ८.०० : उरले २२ तास

तिसरा डोस चुकतो. बाकीच्या चार गोळ्या मात्र वेळेवर जातात आणि त्यात रक्तदाब कमी करणारी गोळीही असते. दिवसभरात नियमाप्रमाणे झालेलं हे एकच काम, आणि तेच आज आजींच्या जिवावर बेततं. उलट्यांनी शरीरातलं पाणी गेलेलं, कॉर्टिसोल नाही, वरून रक्तदाबाची गोळी.

ज्याच्या नावापुढे न दिलेलं एक औषध आहे, त्याला बाकीची द्यायची का, हा प्रश्नही डॉक्टरांनाच विचारायचा असतो. पण तो विचारायला आधी कुणीतरी रेघेकडे प्रश्न म्हणून बघायला हवं.

मुलीला मेसेज जातो : "ताई, आजींना रात्री थोडा त्रास झाला. सरांना विचारून औषध दिलंय. आता झोपल्यात." मुलगी हात जोडल्याचं चित्र पाठवते.

रविवार, दुपारी १.०० : उरले १७ तास

औषधांचं पार्सल येतं. ॲपवाल्यांच्या डॉक्टरने मुलीला फोन करून चिठ्ठी मंजूर केली होती. वॉचमन सही करून घेतो आणि खाकी पाकीट ऑफिसच्या कपाटात जातं. आठवड्याचे डबे सोमवारी सकाळी भरतात, तेव्हा ते उघडलं जाईल.

आता ती गोळी दिली असती तरी पुरली नसती, उलटून पडली असती. पण पाकीट उघडून "ही तर तीन दिवस दिलेलीच नाही" असं कुणी मोठ्याने म्हटलं असतं, तर अजून वेळ होता.

रविवार, संध्याकाळी ७.०० : उरले ११ तास

व्हिडिओ कॉल. आजी पडद्याकडे बघतात, पण बोलण्याचा धागा सुटतो. मुलीला त्या मधेच स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. "थकलीये," मावशी बाजूने सांगते. "जेवली का?" मुलगी विचारते. "दोन घास वरणभात." "बरं, आराम करू दे."

म्हातारपणी दिवे लागायच्या वेळेला थोडं भरकटणं अनेकांना होतं, म्हणून ते कुणाला खटकत नाही. पण जी बाई बुधवारी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होती ती रविवारी माणसं विसरते, तर ते वय नव्हे, आजार आहे. कॉर्टिसोलच्या अभावी रक्तातलं सोडियम घसरतं, साखरही घसरू शकते. आजींना मधुमेह नाही, म्हणून त्यांची साखर कुणी बघत नाही. ग्लुकोमीटर शेजारच्या खोलीत आहे.

रविवार, रात्री ११.०० : उरले ७ तास

बी.पी. ८८/५०. आरएमओंना पुन्हा फोन.

"सर, सात नंबरचं बी.पी. लो लागतंय. अठ्ठ्याऐंशी."

"काल उलट्या झालेल्या त्याच ना? डीहायड्रेशन असेल. पाचशेचं सलाईन लावा, तासाने बघा. आणि नातेवाइकांना विचारा, शिफ्ट करायचं का."

सलाईन संपता संपता आकडा ९६ होतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पाण्याने रक्तवाहिन्या थोड्या भरल्या एवढंच झालं. त्या आकुंचन पावून दाब टिकवतात, पण त्यासाठी शरीराचे इशारे त्यांना कळायला लागतात आणि कॉर्टिसोल नसेल तर ते इशारे नीट कळत नाहीत. अशा संकटाची औषधयोजना जगभर सारखीच आहे : शंका आली की १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून किंवा स्नायूत, सोबत भराभर सलाईन, आणि तपासण्यांच्या निकालासाठी थांबायचं नाही. इंजेक्शन महाग नाही, दुर्मीळ नाही आणि एक डोस चुकून जास्त गेला म्हणून कुणी दगावत नाही.

ब्रदर मुलीला फोन करतो. "ताई, बी.पी. जरा कमी होतं, आता वाढलंय. सर म्हणाले शिफ्ट करायचं का विचारा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्ही सांगाल तसं."

"सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? मी पहाटेच निघते."

"बघतो आम्ही."

निर्णय तिघांकडे होता. डॉक्टरांनी तो नातेवाइकांवर सोडला, नातेवाइकांनी ब्रदरवर आणि ब्रदरने सकाळवर. मुलीकडे कुणी बेफिकिरीचं बोट दाखवू नये. तिला सांगितलं ते एवढंच : कमी होतं, आता वाढलंय.

सोमवार, पहाटे ३.०० : उरले ३ तास

मावशीच्या हाताला आजींचे तळपाय गार लागतात. हाक मारली तर डोळे किलकिले होतात, पुन्हा मिटतात. बी.पी. मशीन आकडा दाखवत नाही, नुसतं 'एरर'. ब्रदर १०८ ला फोन करतो. या तीन दिवसांतला हा पहिला फोन, ज्यात उलटी, ताप किंवा आकडा सांगितला जात नाही. तो फक्त म्हणतो, "पेशंट सिरियस आहे, लवकर या."

सोमवार, पहाटे ५.०० : उरला १ तास

कॅज्युअल्टी. ड्युटीवरची तरुण डॉक्टर विचारते, "काय काय औषधं चालू आहेत?"

सोबत आलेला ब्रदर म्हणतो, "बी.पी.ची, थायरॉइडची, सांध्यांची. चार्ट सेंटरवर राहिला मॅडम."

लघवीतला जंतुसंसर्ग, शॉक. सलाईन, प्रतिजैविक आणि रक्तदाब चढवणारं औषध सुरू होतं. दाब चढत नाही. डॉक्टर सुई लावायला दंड हातात घेते आणि थबकते. कातडी कागदासारखी पातळ, कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे डाग, चेहरा गोल. वर्षानुवर्षांच्या स्टिरॉइडच्या या खुणा तिने वॉर्डात पाहिलेल्या आहेत.

"यांना स्टिरॉइड चालू होतं?"

"माहीत नाही मॅडम."

गोळी चुकू लागल्यापासून हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारतंय. उत्तराची वाट न बघता ती हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्यायला सांगते. अँप्युल समोरच्या ट्रॉलीत आहे. घड्याळात ५.४० झालेत.

सोमवार, सकाळी ६.०० : शून्य

हृदय थांबतं. मसाज, ॲड्रेनलिन, पुन्हा मसाज. उपयोग होत नाही. मुलीची गाडी अजून एक्स्प्रेसवेवर आहे.

सोमवार, सकाळी ११.०० : नंतर

कागदावर कारण लिहिलं जातं : मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे सेप्टिक शॉक. ते खरं आहे आणि अपुरं आहे. संसर्ग झाला होताच. पण संसर्गाशी लढायला लागणारं संप्रेरक तीन दिवस मिळालेलं नव्हतं, हे लिहायला ते कुणाला ठाऊक असायला हवं. जिवंतपणी जे सांगितलं गेलं नाही ते मृत्यूनंतरच्या कागदावरही येत नाही. त्याच वेळी सेंटरमध्ये आठवड्याचे डबे भरताना खाकी पाकीट उघडतं. "सात नंबरचं आलंय, परत पाठवायचं का?" एवढंच त्यावर बोलणं होतं.

असं एखाददुसऱ्या ठिकाणीच होत असेल, असं वाटत असेल तर स्टॅफर्डची कहाणी नोंदलेली आहे. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड हॉस्पिटलमध्ये ६६ वर्षांच्या गिलियन ॲस्टबरी एप्रिल २००७ मध्ये दाखल झाल्या. पडून हाडं मोडली होती. त्यांना मधुमेह होता, कागदांवर तसं लिहिलेलं होतं. इन्शुलिन दिलं गेलं नाही, शिफ्टमागून शिफ्ट बदलत गेल्या आणि ११ एप्रिलला त्या वारल्या. २०१४ मध्ये न्यायालयाने त्या रुग्णालयाच्या ट्रस्टला दोन लाख पौंडांचा दंड केला. ते वृद्धाश्रम नव्हतं, चोवीस तास डॉक्टर असलेलं रुग्णालय होतं.

अमेरिकेत नर्सिंग होम्ससाठी केंद्रीय नियम आहेत. औषध देण्यातल्या चुकांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली हवं, गंभीर चूक एकही चालत नाही, आणि रुग्णाच्या प्रकृतीत लक्षणीय बदल झाला तर डॉक्टरांना लगेच कळवणं बंधनकारक. आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा वृद्धाश्रमांबद्दल बोलतो, तिथल्या वैद्यकीय सेवेचे निकष ठरवायचं काम राज्यांवर सोपवतो. चुकलेला डोस कुणाला, किती वेळात कळवायचा, हे त्या कायद्यात नाही.

पुन्हा शुक्रवार, सकाळी ८.०५

तेव्हा करायचा फोन असा असता :

"डॉक्टर, सात नंबर, शहात्तर वर्षं. सहा वर्षांपासून रोज प्रेडनिसोलोन दहा. शेवटची गोळी काल सकाळी. आजची दिली नाही, स्टॉक नाही. बी.पी. एकशे अडतीस, ऐंशी, ताप नाही, उलटी नाही. चिठ्ठी पाठवा, मी आत्ता माणूस पाठवून आणवते. काही वेगळं करायचं का?"

यात औषधाचं खरं नाव आहे, शेवटच्या डोसची वेळ आहे, न देण्याचं कारण आहे, आजची प्रकृती आहे आणि मागणी आहे. शनिवारी रात्री याच फोनमध्ये "दोन डोस चुकलेत, आता ताप आणि उलट्या आहेत" एवढी भर पडली असती आणि आरएमओंनी ओआरएसऐवजी ॲम्ब्युलन्स सांगितली असती.

प्रत्येक चुकलेली गोळी अशी धावपळ मागत नाही. म्हणूनच एका दिवसानेही बिघडतं अशा औषधांची यादी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि ट्रॉलीवरच चिकटवावी. दीर्घकाळचं स्टिरॉइड, इन्शुलिन, फिटची औषधं, रक्त पातळ करणारी औषधं, पार्किन्सनची गोळी ही त्यातली ठळक नावं. पार्किन्सनच्या गोळीत तर दिवस सोडाच, तासही मोजावे लागतात. यादीतलं औषध संपायच्या आठवडाभर आधी घरी कळवायचं, संपल्यावर नाही.

घरच्यांनीही चिठ्ठीतल्या कोणत्या गोळ्या एकदाही चुकवून चालत नाहीत हे डॉक्टरांना विचारून ठेवावं, त्या नावांखाली लाल रेघ मारावी आणि फाइलच्या पहिल्या पानावर, फोन उचलणाऱ्या अनोळखी माणसालाही दिसेल अशा ठिकाणी ते लिहावं.

राहिला डॉक्टरांचा वाटा. सिस्टर, ब्रदर, मावशी न दिलेल्या गोळीबद्दल बोलत नाहीत ते विसरतात म्हणून कमी आणि बोलणी बसतील म्हणून जास्त. त्यामुळे हा प्रश्न वरून खाली यायला हवा. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी "काय त्रास आहे?" याच्या आधी "गेल्या चार दिवसांत कोणाला काय दिलं गेलं नाही?" असं विचारावं आणि उत्तर मिळालं की चिठ्ठी लिहावी. त्यावर जर ओरडा बसला, तर पुढच्या वेळी त्या रकान्यात रेघ नसेल. तिथे सही असेल.